कार्बोरेटरखालचा गणपती

सिंदेवाहीत सध्या माझ्याबद्दल दोन गोष्टी सांगतात. एक, मी आमच्या मोटारीला कणीक चारली. दोन, मी मूल गावाच्या रस्त्यावर जंगलात बंदुकीचे बार काढले. पहिली खरी आहे. दुसरीच्या वेळी मी हजर होते, पण बंदूक नव्हती. हे एकदा लिहून ठेवावं म्हणून बसले आहे. तोंडानं सांगायला गेले की माझं अर्धं बोलणं ऐकू जात नाही आणि उरलेलं अर्धं लोक आपापल्या मनानं पुरं करतात.

माझा आवाज लहान आहे. त्यात सकाळी उठल्यापासून पूजा आटपेपर्यंत माझं मौन असतं. हा नेम लग्नाआधीपासूनचा. सोमवार, गुरुवार, शनिवार ज्या त्या देवाचे आहेतच, शिवाय चतुर्थी, एकादशी, आणि रोज सकाळी भिजवलेल्या कणकेचा पहिला गोळा गाईला, वर गुळाचा खडा. ह्यात कुणाला काही त्रास नाही. आमचे हे तर म्हणतात, सकाळचे दोन तास घरात फार बरे जातात. ते कौतुकानं म्हणतात, असं मी धरून चालते.

मोटार म्हणजे पद्मिनी. मोरपंखी रंगाची, एक्याण्णव सालची, आणि माझ्या नावावरची. ती माझ्या नावावर का, तर घ्यायच्या वेळी ह्यांची पत्रिका दाखवली होती आणि ज्योतिषीबुवांनी सांगितलं होतं की यजमानांना साठ वर्षांपर्यंत वाहनयोग नाही, बाईंना मात्र उत्तम आहे. त्यामुळे कागदावर मालक म्हणून सौ. वच्छला धनराज बोरकुटे असं लागलं. घर ह्यांच्या नावावर आहे, शेत दिराच्या, विजेचं बिल अजून सासऱ्यांच्या. माझ्या नावावर ही मोटार. मला ती चालवता येत नाही, पण चालवणं वेगळं आणि मालकी वेगळी. दर दसऱ्याला तिची पूजा मीच करते.

तर डिसेंबरात माझ्या फोनवर संदेश आला की आपल्या वाहनाच्या नोंदणीची मुदत एकतीस जानेवारीला संपते. ‘आपल्या’ म्हणजे माझ्या. मी तो दोनदा वाचला. इतक्या जुन्या गाडीला दर पाच वर्षांनी चंद्रपूरच्या आरटीओत नेऊन दाखवावं लागतं. ती धडधाकट आहे असं साहेबांनी लिहून दिलं तर पुढची पाच वर्षं मिळतात, नाही तर ती भंगारात.

ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले की दिवाळीपासून ती चालूच झालेली नाही, कशाला ओढाताण, नागभीडचा एक भंगारवाला ओळखीचा आहे. मी म्हटलं, गाडी माही आहे. ह्यांना ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ते भंगारवाल्याचा नंबर शोधत होते. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मी पोळी तव्यावरच ठेवली होती, आणि ती करपल्याच्या वासानं त्यांनी वर बघितलं. छत्तीस वर्षांत माझ्या हातून पोळी करपली नव्हती. त्यांनी फोन खाली ठेवला.

मग बिरजू मिस्त्रीला बोलावलं. कार्बोरेटरची गाडी उघडून पुन्हा लावू शकेल असा आमच्या गावात तो एकच माणूस उरलाय. बाकीचे सगळे आधी कॉम्प्युटर लावतात आणि लावायला जागा नाही म्हटलं की हात वर करतात. बिरजू पासष्टीचा आहे. डोळ्यांनी कमी बघतो, बोटांनी जास्त. इंजिनाला हात लावताना तो चप्पल काढतो, म्हणून मला त्याच्याबद्दल आदर आहे.

तो आला सकाळी साडेसातला, म्हणजे माझ्या मौनात. त्यानं कार्बोरेटर काढला, पेट्रोलात धुतला, फुंकला, आणि सांगितलं की आत काही बिघाड नाही, फक्त खालचं पॅकिंग सडलंय. पॅकिंग म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिन ह्यांच्या मधे घालायचा जाड कागदाचा तुकडा. मधे मोठं भोक, बाजूला दोन छोटी. ते नसेल तर फटीतून हवा आत शिरते. अशा गाडीचं तयार पॅकिंग आता मिळत नाही, हातानं कापावं लागतं, आणि आमच्या भागात जाड कागद म्हटला की लग्नपत्रिका. एका हंगामात घरटी चाळीस तरी येतात. ह्यांनी माळ्यावरून गठ्ठा काढून दिला. बिरजूनं त्यातली सगळ्यात जाड निवडली, जुन्या पॅकिंगच्या मापानं कापली, ग्रीस लावून स्टुलावर ठेवली, आणि दोघे चहाला आत गेले.

मी तुळशीला पाणी घालून येत होते. सहज स्टुलाकडे बघितलं, तर पॅकिंगच्या काठावर, मोठ्या भोकाला लागून, लाल शाईतला गणपती. सोंड, दात, खाली उंदीर, सगळं शाबूत. आता हा गणपती कार्बोरेटरखाली दाबला जाणार, वरून पेट्रोल गळणार, खालून इंजिनाची आग. सांगायची सोय नव्हती, मौन होतं. थांबायची सोय नव्हती, चहा संपत आला होता. मी शिवणाची छोटी कैची आणली आणि तेवढा गणपती, नखाएवढा, अलगद कापून घेतला. भोकापासून थेट काठापर्यंत. तो ओल्या कापडानं पुसून देव्हाऱ्यात ठेवला आणि हात जोडले. इतका लहानसा तुकडा गेल्यानं एवढ्या मोठ्या मोटारीला काही होईल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. बिरजू आला, त्यानं पॅकिंग बोटांनी चाचपलं, ग्रीसमुळे त्याला काही कळलं नाही, आणि त्यानं ते बसवलं.

गाडी पहिल्याच चावीला चालू झाली. हे टाळ्या वाजवणार एवढ्यात ती हिवताप भरल्यासारखी थरथरायला लागली. उभ्या जागी नीट चालेना. पाय काढला की बंद, पाय दिला की कार्बोरेटरातून शिंक, आणि मग मागच्या नळीतून असा बार की शेजारच्या लिंबावरचे बगळे उठले.

पुढचे तीन आठवडे काय सांगावेत. बिरजू रोज यायचा. त्यानं प्लग बदलले, पॉइंट घासले, कॉईल दुसरी लावली. पेट्रोलात पाणी असेल म्हणून टाकी रिकामी केली. टायमिंग पुढे घेतलं, तेव्हा बार मोठा झाला. मागे घेतलं, तेव्हा बार उशिरा झाला, म्हणजे आपण निर्धास्त झाल्यावर. ह्यांची जीभ दिवसेंदिवस तिखट होत गेली. एकदा म्हणाले, “बिरजू, तू गाडी सुधारून राह्यला का तिले शिकवून राह्यला?” बिरजू इंजिनापाशी चप्पल काढून उभा राहिला, आणि कान लावून ऐकत बसला.

सल्ल्यांना तोटा नव्हता. समोरच्या मंजुषाबाई शाळेत शिकवतात. त्यांच्या फोनमध्ये एक सोय आहे, गाडीचा आवाज ऐकवला की रोग सांगते. त्यांनी फोन बोनेटवर ठेवला. फोननं बराच विचार केला आणि सांगितलं की हे वाहन ट्रॅक्टर आहे. मंजुषाबाई ते हसत हसत गल्लीभर सांगून आल्या. मला त्या दुपारी जेवण गेलं नाही. चौतीस वर्षं हळदीकुंकू लावलेल्या गाडीला कुणी ट्रॅक्टर म्हणावं, तेही फोननं.

मागच्या घरचे नथ्थूभाऊ मात्र खूश होते. त्यांचा हरभरा आमच्या परसाला लागून आहे आणि रानडुकरांनी त्यांना पार नकोसं करून सोडलं होतं. ते टोपलीभर ओला हरभरा घेऊन आले आणि ओसरीवर बसून म्हणाले, “वैनी, गाडी दुरुस्त करू नोका ना. तुमची गाडी सकाळी खोकलते तं डुकरं चार दिवस फिरकत नाई.” शिवाय शक्य झाल्यास गाडीचं तोंड उत्तरेला करून ठेवावं, अशीही त्यांची विनंती होती, कारण बार मागून निघतो. ह्यांनी हरभरा ठेवून घेतला आणि त्याचे सोले, म्हणजे हिरवे दाणे, भाजायला सांगितले. मला ते बरं वाटलं नाही. आपली अब्रू जाते आहे आणि आपण तिचे सोले भाजून खातो आहोत.

मधल्या काळात आरटीओचा अर्ज भरायचा होता. त्याला चेसिस नंबरचा, म्हणजे इंजिनाजवळच्या पट्टीवर कोरलेल्या आकड्यांचा, छाप लागतो, नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची. ह्यांनी घासली तर कागदावर स्वस्तिक उमटलं. दर दसऱ्याला मी शेंदूर कालवून त्या पट्टीवर स्वस्तिक काढत आले होते, आणि चौतीस दसऱ्यांचा तो थर बोटभर झाला होता. ह्यांनी तो कागद माझ्यापुढे धरला. मी एक जुनी चिंधी आणि रॉकेल घेऊन दोन दिवस बसून तो उतरवला, मनातल्या मनात माफी मागत. चिंधी लालभडक झाली. देवाचा शेंदूर उकिरड्यावर कसा टाकायचा, म्हणून नदीत सोडण्यासाठी ती मी डिकीत ठेवली.

पहिली तारीख मिळाली वीस जानेवारीची. बिरजूनं आदल्या दिवशी स्क्रू फिरवून गाडी कशीबशी धावण्याजोगी केली होती. हे आणि मी पूजा झाल्यावर निघालो. गाव सुटेपर्यंत ती ठीक होती. जंगलातला चढ लागला आणि तिनं एकामागून एक तीन बार काढले. दोन्ही बाजूंना सागवान, त्यामुळे प्रत्येक बार दोनदा ऐकू आला.

पुढच्या नाक्यावर दांडा आडवा होता आणि वनखात्याची चार माणसं काठ्या घेऊन उभी होती. त्यांची काही चूक नव्हती. वाघाच्या जंगलात सकाळच्या वेळी सहा बार ऐकू आले म्हणजे त्यांनी काय समजावं. त्यातल्या थोराड गृहस्थांनी विचारलं, बार कोणी काढले. ह्यांनी सांगितलं, गाडीनं. ते म्हणाले, डिकी उघडा. डिकीत नारळ, उदबत्त्या, पाण्याची कळशी आणि लालभडक चिंधी.

त्यांनी चिंधी काठीच्या टोकावर उचलली. मी म्हटलं, तो शेंदूर आहे. कुणाला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हटलं. एकानं मला हातानं थांबवलं आणि ह्यांना म्हणाला की बाईंना घाबरवू नका, त्यांना झाडाखाली बसवा. मला झाडाखाली बसवण्यात आलं. चिंधीचा वास तिघांनी घेतला. एकाला रॉकेलचा आला, एकाला तेलाचा, आणि तिसऱ्यानं वास घेऊन नमस्कार केला, तेव्हा शेंदूर सिद्ध झाला. बार मात्र सिद्ध व्हायचे होते. गृहस्थ सभ्यपणे म्हणाले, गाडी आवाज काढते ना, मग आमच्यासमोर काढून दाखवा, लिहून घेतो आणि सोडतो.

हे बसले. चावी फिरवली. गाडी चालू झाली, थरथरली, आणि थरथरतच राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ह्यांनी पाय दिला, काढला, चोक ओढला, शिव्या दिल्या. नाही म्हणजे नाही. तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ तोफा डागणारी ती गाडी सरकारी माणसांसमोर नव्या सुनेसारखी मान खाली घालून उभी. दीड तास गेला. शेवटी पंचनाम्यात लिहिलं गेलं की सदर वाहन पंचांसमक्ष चालू ठेवले असता त्याने आवाज काढला नाही, तथापि मालकीण वयस्क व धार्मिक दिसतात, सबब सोडण्यात येत आहे. ‘वयस्क’ हा शब्द मला लागला, पण ‘मालकीण’ लिहिलं होतं, म्हणून मी तो कागद जपून ठेवलाय. दांडा वर झाला, आम्ही निघालो, आणि दहा पावलांवर गाडीनं असा बार काढला की त्या गृहस्थांच्या हातातला चहा त्यांच्याच सदऱ्यावर गेला. आम्ही थांबलो नाही.

आरटीओची वेळ तोवर टळली होती. नवी तारीख मिळाली एकोणतीस जानेवारी, गुरुवार. एकतीसला मुदत संपत होती, म्हणजे ही शेवटची. हे म्हणाले, ह्या वेळी नाही जमलं तर मी भंगारवाल्याला सांगतो, आणि मग तू पोळ्या जाळ किंवा घर जाळ. मी त्या दिवशी पोळी नीट केली. धाक एकदाच दाखवायचा असतो, एवढं मला कळतं.

गुरुवारी पहाटे उठून मी सगळं आवरलं. पूजेला बसण्याआधी गाडीला ओवाळायचं ठरवलं होतं. ह्यांनी अंगणात गाडी चालू करून ठेवली होती, बोनेट उघडं, पाय ॲक्सिलरेटरवर, कारण पाय काढला की ती बंद पडायची. बिरजू यायचा होता. मी उदबत्त्या लावल्या आणि इंजिनासमोर उभी राहून ओवाळायला लागले.

धूर वर जात होता. कार्बोरेटरच्या बाजूनं हात फिरला तेव्हा मात्र धुराची रेघ एकदम वाकली आणि खाली कुठेतरी नाहीशी झाली. मला वाटलं, देवानं घेतला. मी डोळे मिटून नमस्कार केला. डोळे उघडून पुन्हा ओवाळलं. पुन्हा तिथेच वाकली. तिसऱ्यांदा मी खाली वाकून बघितलं. कार्बोरेटर इंजिनाला जिथे टेकतो तिथे एक फट होती, आणि तिच्यातून बारीक सू सू आवाज येत होता, दाताच्या फटीतून हवा ओढावी तसा. फट नखाएवढी होती. हे नख माझ्या चांगल्याच ओळखीचं होतं.

महिनाभराचे सगळे बार माझ्या डोळ्यांपुढून गेले, बगळ्यांपासून त्या गृहस्थांच्या सदऱ्यापर्यंत. आणि मौन होतं.

मी ह्यांना खूण केली. ह्यांनी खिशातून काड्याची पेटी काढून दिली. मी डोक्याला हात लावला. ह्यांनी विचारलं, डोकं दुखते का. तेवढ्यात बिरजू सायकलवरून उतरला, माझ्या हातात जळती उदबत्ती आणि समोर उघडा कार्बोरेटर बघून तो आहे तिथूनच ओरडला की बाई, पेट्रोल आहे, मागं व्हा. त्याचं बरोबर होतं. मी उदबत्त्या पाण्यात विझवल्या. पण आता दाखवायचं कसं.

फाटकाशी नथ्थूभाऊंची गाय येऊन उभी होती, तिच्या वेळेला. तिचा कणकेचा गोळा ओट्यावरच्या ताटलीत तयार होता. मी तो उचलला, गुळाचा खडा काढून गाईला दिला, आणि कणीक घेऊन इंजिनाकडे गेले. गाय माझ्याकडे बघत राहिली. मी वाकले आणि ती कणीक त्या फटीवर अंगठ्यानं दाबून बसवली.

सू सू थांबलं. थरथर थांबली. सगळं अंगणच थांबल्यासारखं झालं.

ह्यांना वाटलं बंद पडली, त्यांनी दचकून पाय काढला. आणि पाय काढल्यावरही ती चालूच राहिली. शिवणयंत्र दुसऱ्या खोलीत चालावं, एवढाच आवाज. बिरजू जवळ आला, चप्पल काढली, आणि पंजा इंजिनावर ठेवला. त्यानं कणीक बोटानं सोडवली, गाडी थरथरली. पुन्हा दाबली, शांत. असं तीनदा केलं. मग त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला पदर सारखा करावासा वाटला.

“भाऊ,” तो ह्यांना म्हणाला, “बाईनं धरलं. मले महिनाभरात नाई सापडलं, बाईनं धरलं.”

मला अभिमान वाटला. लपवून काय करू. महिनाभर अख्खा गाव आपापली अक्कल त्या बोनेटखाली ओतत होता, फोन लागले, स्क्रू फिरले, आणि रोग धरला तो माझ्या उदबत्तीनं. हा अभिमान साधारण दहा मिनिटं टिकला. मग बिरजूनं कार्बोरेटर काढला आणि पॅकिंग बाहेर आलं, पेरूचा चावा घेतल्यासारखं.

बिरजू ते बोटांनी फिरवून फिरवून बघत म्हणाला, उंदीर. ह्यांना चेव आला. कार्बोरेटरखाली उंदीर शिरतो का, तूच वेडंवाकडं कापलंस, महिनाभर आम्हाला नाचवलंस, वनखात्यापुढं उभं केलंस. आणि शेवटी म्हणाले, “तुहे डोये गेले बिरजू. आता गॅरेजले कुलूप लाव.” बिरजूनं ते पॅकिंग खिशात घातलं, घरातून मागून घेतलेल्या साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर माप ठेवलं, आणि कापायला बसला. कापताना दर दोन बोटांनी तो थांबत होता आणि चाचपत होता. आधी तसा थांबत नसे.

मला मौन होतं. पूजा झाली की सुटणार होतं. त्या दिवशी पूजा मी जरा लांबवली. रोजची स्तोत्रं झाल्यावर आणखी तीन म्हटली. गणपतीकडे बघायचं टाळलं. तो देव्हाऱ्यातून, नखाएवढा, माझ्याकडे बघत होता.

नवं पॅकिंग लागलं आणि कणकेशिवाय गाडी तशीच शांत चालली. हे इतके खूश झाले की बिरजूलाही बरोबर घेतलं, वाटेत काही झालं तर. वाटेत काही झालं नाही. नाका कधी गेला ते कळलं नाही. बिरजू मागे बसून हातांकडे बघत होता. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला, पण खिडकीतून वारा येत होता आणि माझा आवाज मागे मूललाच राहिला.

आरटीओच्या आवारात रांग होती. तपासणीला एक तरुण मॅडम होत्या, छातीवर नावाची पट्टी, संघप्रिया एवढंच मला वाचता आलं. हातात बॅटरी, चेहऱ्यावर ऊन. त्यांनी दिवे बघितले, ब्रेक बघितले, चेसिस नंबर वाचला आणि त्यातल्या आठाच्या पोटात राहिलेला शेंदराचा ठिपका नखानं काढून बघितला. मग म्हणाल्या, आता गाडी चालू करा.

हे म्हणाले, चालूच आहे.

मॅडमनी बोनेटवर हात ठेवला. मग कान. मग पहिल्यांदाच त्या आमच्याकडे नीट बघत म्हणाल्या, मालक कोण. ह्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि माझ्याकडे बोट केलं. मॅडमनी फॉर्म माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, “काकू, एवढं मालकानं स्वतः सांगायचं असतं. इंजिनमध्ये काही बदल, कापाकापी केली आहे का? नसेल तर इथं सही करा.”

सही केली की झालं. पाच वर्षं. दोष तर घरी ठरलाच होता, उंदराचा नाही तर बिरजूचा. मी पेन धरलं. मागे बिरजू उभा होता, आपला पंजा डोळ्यांपुढे जवळ-दूर करून बघत.

मी म्हटलं, “केली.”

नेहमीच्याच आवाजात म्हटलं. पण गाडी इतकी शांत चालली होती की ते सगळ्या आवाराला ऐकू गेलं. रांगेतला एक टेम्पोवाला वळून बघायला लागला. मग थांबण्यात अर्थ नव्हता. लग्नपत्रिका, लाल शाईतला गणपती, शिवणाची कैची, भोकापासून काठापर्यंत, सगळं सांगितलं. आयुष्यात मी सलग इतकं बोलले नव्हते, आणि कुणी मला एकदाही ‘काय म्हणालात’ असं विचारलं नाही. शेवटी म्हटलं, “बिरजूभाऊनं बरोबर कापलं होतं. त्याचे डोळे ठीक आहेत. चूक माही आहे.”

मॅडमनी फॉर्म परत आपल्याकडे घेतला. त्यांच्या ओठांचं काहीतरी चाललं होतं. मग त्यांनी विचारलं की ते पॅकिंग आता गाडीत आहे का. मी म्हटलं, नाही, आता साडीच्या खोक्याचं आहे. त्यावर कुणाचं चित्र आहे का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, फक्त दुकानाचं नाव.

“मग आज गाडीत काही बदल नाही,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतः बोट ठेवून मला सहीची जागा दाखवली.

हे एकदाही माझ्याकडे न बघता बिरजूपाशी गेले आणि म्हणाले, चल, चहा घेऊ. आमच्याकडे क्षमा अशीच मागतात. बिरजू गेला नाही. तो माझ्याकडे आला, खिशातलं ते चावलेलं पॅकिंग काढून त्यानं उन्हात धरलं, आणि काठावरून बोट फिरवलं.

“काय सरळ कापलं बाई,” तो म्हणाला. “मले सकाळीच वाटलं होतं, उंदीर एवढा सरळ नाई खात. पन मग म्हटलं, माह्या डोयांचा काय भरवसा.” मग पॅकिंग परत खिशात घालून, “एक ऐकान का? बोनेट उघडं असलं का तुमी मौन धरू नोका.”

मी हो म्हटलं. माझे बाकीचे सगळे नेम देवासमोर घेतलेले आहेत. हा एवढा आरटीओच्या आवारात, चालू गाडीवर हात ठेवून घेतला. पाच वर्षांचा आहे. उद्यापनाची तारीख कागदावर छापून मिळाली, आणि तिच्या वरच्या ओळीत मालकाचं नाव, ते मी तिथेच उभी राहून ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं.